ऑपरेशननंतर आतडी ‘झोपतात’ तेव्हा आत कोण जागं असतं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. वडिलांच्या मोठ्या आतड्याचा उजवा भाग गाठीमुळे काढला आणि लहान आतडं उरलेल्या मोठ्या आतड्याला जोडलं. आज चौथा दिवस. पोट फुगलंय, गॅस पास झालेला नाही, काल दोनदा उलटी झाली म्हणून नाकातून नळी घातली. डॉक्टर म्हणाले, “आतडी अजून झोपलीत, होतील चालू.” तुमच्या वाचनात आलं की हे प्रतिकारशक्तीच्या पेशींमुळे होतं. म्हणून तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. या पेशींना गप्प करणारं स्टेरॉइड का देत नाहीत? आणि हात उजव्या बाजूला लागला होता, तर सगळं पोट का बंद पडलं?

मी पोटाची ऑपरेशनं करते, वीसेक वर्षं झाली. दुसरा प्रश्न मला शिकाऊ असताना कुणी विचारला असता, तर मी काहीतरी पुटपुटून राउंड पुढे नेला असता. पहिल्याचं उत्तर एका वाक्यात देता येतं, पण ते वाक्य पटायला बाकीचं सगळं वाचावं लागेल: ज्या पेशी आतडं थांबवतात, त्यांच्याच जातीच्या पेशी ते पुन्हा चालू करतात आणि जोड भरून आणायलाही मदत करतात.

एक गोष्ट आधीच सांगते. तुमच्या वडिलांना मी तपासलेलं नाही. चौथ्या दिवशीचं फुगलेलं पोट म्हणजे साधा आयलियसही (आतड्याची हालचाल तात्पुरती थांबणं) असू शकतो आणि आत काहीतरी बिघडल्याची खूणही. त्याबद्दल शेवटाकडे लिहिते.

‘झोपलीत’ हा शब्द आम्ही सगळेच वापरतो, नातेवाइकांना पटकन कळतो म्हणून. खरं तर आत झोप वगैरे काही नसते. आतड्याच्या भिंतीत त्या वेळी चांगलीच धावपळ चाललेली असते, आणि तिच्यामुळेच स्नायूंना काम करता येत नाही.

पोट उघडून आतडी हाताळली की ती थोडा काळ थांबणारच. लहान आतडं साधारण दिवसाभरात पूर्वपदावर येतं, जठराला एक ते दोन दिवस लागतात, मोठं आतडं सर्वांत आळशी, त्याला दोन ते तीन दिवस. इथवर आम्ही त्याला आजार म्हणत नाही. चौथ्या दिवशी किंवा त्यानंतरही उलट्या, फुगलेलं पोट, अन्न न सोसणं, गॅस न होणं यांपैकी दोन-तीन गोष्टी एकत्र असतील तर लांबलेला आयलियस म्हणायचं, अशी ढोबळ रीत आहे. मोठ्या आतड्याच्या ऑपरेशननंतर हे अजिबात दुर्मीळ नाही. व्याख्येप्रमाणे आकडा बदलतो, पण सुमारे १० ते ३० टक्के रुग्णांत हे दिसतं.

आता आत काय होतं ते. या गोष्टीचे दोन अंक आहेत आणि पहिल्यात पेशींचं काही काम नाही. त्वचेवर चीर पडते, पोटाचं अस्तर ओढलं जातं, आतडं हातात घेतलं जातं, तशा नसांमधून मज्जारज्जूकडे आणि मेंदूकडे निरोप जातात आणि उलट टपाली ‘थांबा’ असा हुकूम येतो. बेलिस आणि स्टार्लिंग यांनी १८९९ साली कुत्र्यांवर दाखवलं होतं की पोट उघडल्यावर थांबलेलं आतडं, त्याच्याकडे जाणाऱ्या स्प्लँकनिक नसा कापल्यावर पुन्हा हलू लागतं. हा नसांचा ब्रेक काही मिनिटांत लागतो आणि ऑपरेशन संपून टाके पडल्यावर काही तासांत बराचसा सुटतो.

मग आतडं तीन-चार दिवस का थांबतं? कित्येक दशकं याचं नीट उत्तर नव्हतं. ब्रेक सुटला, तरी गाडी जागची हलत नाही.

आतड्याच्या भिंतीत स्नायूंचे दोन थर असतात, एक गोलाकार आणि एक लांबीच्या दिशेने. त्या दोन थरांच्या मध्ये आतड्याचं स्वतःचं मज्जाजाळं पसरलेलं असतं. त्याच जागेत, नसांना अगदी खेटून, मॅक्रोफेज नावाच्या पेशी जाळ्यासारख्या मांडलेल्या असतात. मराठीत त्यांना भक्षकपेशी म्हणतात, पण एरवी त्या कुणाचं भक्षण करत बसलेल्या नसतात. निरोगी आतड्यात या पेशी शेजारच्या नसांशी रसायनांची देवाणघेवाण करतात, नसा त्यांना जगवणारा घटक पुरवतात आणि त्या नसांचा ताल सांभाळायला हातभार लावतात. २०१४ साली उंदरांमध्ये हे नातं उलगडलं तेव्हा मलाही आश्चर्य वाटलं होतं. मॅक्रोफेज म्हणजे जंतू खाणारी पेशी, एवढंच आमच्या पिढीने पाठ केलं होतं.

सर्जनचा हात लागला की हे राखणदार खवळतात. आतडं दाबलं, ओढलं, मॉपने बाजूला सारलं की काही पेशी दुखावतात आणि त्यांच्यातून एटीपीसारखे (पेशीच्या आतलं इंधन) पदार्थ बाहेर सांडतात. राखणदारांच्या दृष्टीने ही आरोळीच. ते सायटोकाइन, म्हणजे दाहाचे निरोप नेणारे रेणू, सोडतात (टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६). त्यामुळे आसपासच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला चिकट रेणू उगवतात आणि रक्तातून जाणाऱ्या न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशी तिथे अडकून स्नायूंच्या थरात शिरतात. याला तीन-चार तास लागतात. म्हणजे रुग्ण शुद्धीवर येऊन “झालं का ऑपरेशन?” असं विचारत असतो, तेव्हा दुसरा अंक नुकताच सुरू झालेला असतो.

स्नायू प्रत्यक्षात थांबवणारे पदार्थ मुख्यतः दोन, नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टाग्लँडिन. खवळलेल्या मॅक्रोफेज आणि बाहेरून आलेल्या पेशी हे दोन्ही भरमसाठ तयार करतात. नायट्रिक ऑक्साइड स्नायूला सैल करतं. एरवी आतड्याच्या नसाही ते वापरतात, पण मोजून मापून. इथे ते पूर आल्यासारखं येतं. स्नायू धडधाकट असतो, त्याला आकुंचन पावू दिलं जात नाही, एवढंच.

हे चित्र उभं करण्यात १९९० च्या दशकात पिट्सबर्गमध्ये काम करणाऱ्या योर्ग काल्फ आणि अँथनी बाउअर यांचा मोठा वाटा आहे. त्यांच्या १९९८ सालच्या प्रयोगातली एक गोष्ट मी प्रत्येक नव्या रेसिडेंटला सांगते. त्यांनी उंदरांची आतडी कमी-जास्त हाताळली. काहींचं नुसतं पोट उघडलं, काहींचं आतडं बाहेर काढलं, काहींचं चाळलं, काहींचं दाबलं. हाताळणी जितकी जास्त, तितक्या जास्त पेशी स्नायूत घुसल्या आणि स्नायूची ताकद तितकी घटली. पायरीपायरीने. पुढे २००३ मध्ये माणसाच्या आतड्यातही तसाच दाह पेटताना दिसला, तोही ऑपरेशन चालू असतानाच घेतलेल्या तुकड्यांमध्ये.

थोडं विषयांतर करते. वॉल्टर कॅनन आणि मर्फी यांनी १९०६ मध्येच मांजरांवर क्ष-किरणांच्या मदतीने पाहिलं होतं की ईथरची गुंगी किंवा आतडं उघड्यावर थंड पडणं यापेक्षा हाताळणीने हालचाल कितीतरी जास्त थांबते. म्हणजे ‘काय’ होतं हे शंभर वर्षांपूर्वीच कळलं होतं, ‘कसं’ ते कळायला नव्वद वर्षं लागली. मी शिकत असताना आमचे सर आतड्यावरून मॉप जरा जोरात फिरला तरी हातावर चिमटा मारायचे. मॅक्रोफेजबद्दल त्यांना विचारलं असतं तर त्यांनी मला थिएटरबाहेर काढलं असतं, पण त्यांचे रुग्ण लवकर खायला लागायचे हे मात्र खरं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. दाह हात लागलेल्या जागी आहे, मग जठर का रिकामं होत नाही, डाव्या बाजूचं मोठं आतडं का हलत नाही?

याचा एक भाग पुन्हा नसांकडे जातो. दाह पेटलेल्या पट्ट्यातून सतत निरोप जात राहतात आणि मज्जारज्जूमार्गे बाकीच्या आतड्यालाही ‘थांबा’ सांगितलं जातं. पण तेवढ्याने सगळं उलगडत नव्हतं. २०१० मध्ये जर्मनीतल्या बॉनच्या गटाने आणखी एक दुवा दाखवला. हाताळलेल्या भागातल्या डेंड्रायटिक पेशी (धोक्याची खबर इतर पेशींना देणाऱ्या) तिथल्या टी-हेल्पर स्मृतिपेशींना (जुना धोका लक्षात ठेवणाऱ्या टी पेशींना) चेतवतात, त्यातल्या काही रक्तात उतरतात आणि हात न लागलेल्या आतड्यात जाऊन बसतात. तिथे त्या इंटरफेरॉन-गॅमा हे आणखी एक सायटोकाइन सोडतात आणि तिथल्या मॅक्रोफेजही खवळतात. एका गल्लीतलं भांडण कुणीतरी दुसऱ्या गल्लीत नेऊन पोचवावं तसं. हे मुख्यतः उंदरांतलं काम आहे, पण त्या गटाला आतड्याच्या ऑपरेशननंतर माणसाच्या रक्तातही अशा पेशी वाढलेल्या दिसल्या. तुमच्या वडिलांच्या बाबतीत नसा किती आणि टी पेशी किती, हे कुणी मोजून सांगू शकणार नाही.

मास्ट पेशींचं नाव तुम्ही वाचलं असेल. ॲलर्जीत हिस्टामिन सोडणाऱ्या याच त्या. सुरुवातीला त्याच या नाटकाच्या सूत्रधार असाव्यात असं वाटत होतं. त्यांना आवरणारं किटोटिफेन नावाचं औषध माणसांत वापरून पाहिलं गेलं. जठर रिकामं व्हायला थोडी मदत झाली, मोठ्या आतड्याला फारसा फरक पडला नाही. नंतर मास्ट पेशी मुळातच नसलेल्या एका जातीच्या उंदरांतही आयलियस तसाच झाला. माझं मत विचाराल तर मास्ट पेशी या गोष्टीत दुय्यम आहेत.

मग स्टेरॉइड का नाही?

ऑपरेशनच्या आधी किंवा सुरुवातीला एक छोटा डोस बहुधा दिलाही गेला असेल. डेक्सामेथासोन ८ मिलिग्रॅम, भूलतज्ज्ञ मळमळीसाठी देतात. ब्रिटनमध्ये आतड्याच्या ऑपरेशनच्या १,३५० रुग्णांवर याची चाचणी झाली, २०१७ मध्ये निष्कर्ष आले आणि पहिल्या चोवीस तासांतल्या उलट्या कमी झाल्या. तुम्ही म्हणताय ती गोष्ट वेगळी आहे: चौथ्या दिवशी, दाह ऐन भरात असताना, तो दाबून टाकायचा.

उंदरांत ऑपरेशनच्या आधीच मॅक्रोफेज नष्ट केल्या, तर आयलियस खरोखर सौम्य होतो. एवढंच वाचलं तर कुणालाही वाटेल की सापडला इलाज. पण पुढचा भाग असा की रक्तातून आलेल्या मोनोसाइट स्नायूत शिरल्यावर तिथेच मॅक्रोफेज बनतात आणि त्यांचा स्वभाव दोन-तीन दिवसांत बदलतो. आल्या तेव्हा आग लावणाऱ्या, नंतर मलबा उचलणाऱ्या. मेलेल्या न्यूट्रोफिल त्याच खातात, दाह शमवणारे पदार्थ त्याच सोडतात. ज्या उंदरांत मोनोसाइटना तिथे पोचूच दिलं नाही, त्यांचं आतडं लवकर चालू होईल असं वाटलं होतं, पण ते उशिरा चालू झालं. न्यूट्रोफिलना आवरायला कुणी उरलंच नाही.

चौथ्या दिवशी तुमच्या वडिलांच्या आतड्यात बहुधा हीच सफाई चालू असणार. त्या वेळी जोरदार स्टेरॉइड देणं म्हणजे पंचनामा करायला आलेल्यांनाही हाकलून लावणं. शिवाय आतड्याचा जोड ताजा आहे. जोड भरून येतो तोही दाहाच्या वाटेनेच. याच पेशी तिथे मेलेलं काढतात आणि नवं कोलॅजन घालायला बोलावतात. पोट दोन दिवस उशिरा चालू झालं तर तेवढे दोन दिवस जातात. जोड सुटला तर जीव जाऊ शकतो. हा हिशोब डोळ्यांसमोर असताना मी तरी त्या वाटेला जात नाही.

प्रोस्टाग्लँडिन अडवणाऱ्या वेदनाशामकांचंही असंच आहे. कागदावर ती आयलियसवर चालायला हवीत आणि मॉर्फिन कमी लागतं हा फायदा खराच आहे. पण काही अभ्यासांत अशा औषधांसोबत, विशेषतः डायक्लोफिनॅकसोबत, जोड गळण्याचं प्रमाण जास्त दिसलं. म्हणून काही सर्जन ती देतात, काही हातही लावत नाहीत. हे ज्याच्या-त्याच्या रुग्णावर आणि किडनीवरही अवलंबून असतं. शिरेतून लिडोकेन देण्याबद्दलही खूप आशा होती, कारण तेही दाह कमी करतं. ब्रिटनमधल्या ५९० रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले आणि आतडं लवकर चालू होण्यात काही फरक दिसला नाही. मी स्वतः ते काही वर्षं वापरत होते. आता आयलियससाठी वापरत नाही.

सगळ्यात रंजक वाट व्हेगस नसेची आहे. ही नस मेंदूतून निघून थेट पोटापर्यंत येते. २००० साली न्यूयॉर्कच्या केव्हिन ट्रेसी यांच्या गटाने उंदरांत ती चेतवून शरीरभरचा दाह कमी करून दाखवला. २००५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या गटाने तीच युक्ती आयलियसवर वापरली. व्हेगस चेतवली की आतड्यातल्या नसा ॲसिटिलकोलीन हे निरोपाचं रसायन सोडतात आणि शेजारच्या मॅक्रोफेज त्याने शांत होतात. पेशी मारायची नाही, नुसती समजूत काढायची. म्हणूनच मला हा मार्ग स्टेरॉइडपेक्षा शहाणपणाचा वाटतो. प्रुकॅलोप्राइड हे बद्धकोष्ठतेचं औषध याच नसांना जागं करतं. स्वादुपिंडाच्या मोठ्या ऑपरेशनच्या आधी ते दिलं तर आतड्याच्या स्नायूतला दाह कमी होतो, असं एका छोट्या चाचणीत २०१९ मध्ये दिसलं. ‘आधी’ हा शब्द लक्षात घ्या. पेशी खवळून चार दिवस झाल्यावर या युक्तीत फारसा दम उरत नाही.

च्युइंगम चघळायला देतात तेही याच कारणासाठी. तोंड हललं, लाळ सुटली की व्हेगसला वाटतं जेवण आलं. फायदा छोटा आहे, आणि जिथे रुग्णाला दुसऱ्याच दिवसापासून खायला देतात तिथे तो जवळजवळ दिसेनासा होतो. खर्चिक नाही, धोका नाही, म्हणून मी नाही म्हणत नाही. पण उलट्या होत असताना आणि नाकात नळी असताना नको.

मग आमच्या हातात उरतं काय? पेशींना मुळात कमी खवळवणं. दुर्बिणीतून ऑपरेशन शक्य असेल तर तसं करायचं, कारण आतडं कमी हाताळलं जातं. ओपन करावं लागलं तर आतडं बाहेर काढून ठेवायचं नाही, ओढायचं नाही. शिरेतून मीठ-पाणी गरजेपुरतंच, नाहीतर आतड्याची भिंतच सुजते. मॉर्फिनसारखी औषधं शक्य तितकी कमी, कारण त्यांचा ब्रेक पेशींशी संबंध न ठेवता थेट आतड्याच्या नसांवर लागतो आणि आधीच्या ब्रेकवर दुसरा बसतो. कोपनहेगनचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात हे सगळं एकत्र बांधून जी पद्धत रूढ केली, तिने आयलियस जितका कमी केला तितका कुठल्याही एका औषधाने केलेला नाही.

वॉर्डात फिरवण्याबद्दल एक सांगते, कारण घरचे यावरून रुग्णाच्या मागे लागतात. चालण्याने आतडी थेट लवकर चालू होतात, याला भक्कम आधार नाही. फुप्फुसांसाठी आणि पायातल्या गुठळ्या टाळण्यासाठी चालायलाच हवं. पण “तुम्ही चालत नाही म्हणून गॅस होत नाही” असं वडिलांना ऐकवू नका. त्यांचा दोष नाही.

आता तुमच्या आजच्या दिवसाकडे येते. चौथ्या दिवशी माझ्या मनात पहिला विचार आयलियसचा नसतो, जोडाचा असतो. शिकाऊ असताना मी एका रुग्णाला तीन दिवस ‘आयलियस आहे, होईल’ म्हणत राहिले आणि आत जोड गळत होता. तो रुग्ण वाचला, पण दुसरं ऑपरेशन आणि बरेच आठवडे लागले. आतल्या पू-संसर्गानेही याच पेशी खवळतात आणि आतडं तसंच थांबतं. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून राउंडला या गोष्टी विचारा: नाडी वाढलीय का, ताप आहे का, दुखणं कमी होतंय की वाढतंय, सीआरपी (रक्तातली दाहाची खूण) किती आहे. ऑपरेशननंतर सीआरपी वाढतोच आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखरावर असतो. चौथ्या दिवशी तो उतरत असेल तर धीर येतो. लिटरमागे १५० मिलिग्रॅमच्या वर असेल किंवा पुन्हा चढत असेल, तर बहुतेक सर्जन सीटी स्कॅनचा विचार करतात. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम तपासलंय का तेही विचारा. नळीतून पाणी वाहतं तेव्हा ही क्षारं घटतात आणि ती कमी असली तर स्नायू चालतच नाही. मॉर्फिन किंवा ट्रामाडॉल अजून चालू आहे का, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. हे विचारलं म्हणून कुठलाही चांगला सर्जन रागावणार नाही.

हे सगळं ठीक असेल तर थांबणं हाच उपचार आहे: नळी, शिरेतून पाणी आणि क्षार, आणि पाच-सहा दिवसांच्या पुढे गेलं तर शिरेतून पोषण. स्टेथोस्कोपने ऐकून कुणी “आवाज आहेत” म्हणालं तर त्यावर फार विसंबू नका. लहान आतड्याचे आवाज लवकर परततात, पण अडतं बहुधा मोठ्या आतड्यापाशी. तोंडाने घेतलेलं पोटात टिकलं आणि शौचाला झाली, या दोन गोष्टी एकत्र आल्या की मी नि:शंक होते.

आणि ते होईल तेव्हा बहुधा एकदम होईल. पहिल्या दिवशी दोन-चार वेळा पातळ होणं नेहमीचं आहे. इतके दिवस साचलेलं पाणी बाहेर पडत असतं, आणि उजवा भाग काढल्यावर लहान आणि मोठ्या आतड्यामधली झडपही गेलेली असते. लगेच जुलाब थांबवणारी गोळी देऊ नका, डॉक्टरांना कळवा आणि पाणी पुरेसं जातंय ना एवढं बघा. ताप किंवा वाढतं दुखणं सोबत आलं, तर मात्र त्याच तासाला सांगा.